गुरूच्या हातीं कुंचला

इ. स. १७८३ च्या मे महिन्याच्या अखेरच्या दिवशीं पॅरिसच्या राजकीय चित्रकला-अकादमीनें दोन स्त्रियांना एकदमच सभासद करून घेतलें. एक राणीच्या मर्जींतली व्हीजे-लब्रँ. दुसरी एका शौकीन वस्त्रांच्या व्यापाऱ्याची मुलगी, आदेलाईद लाबीय-गियार. ह्या दोघींमुळें अकादमींतील स्त्रियांची संख्या चार झाली, आणि चाराच्या पुढें ती जाऊं द्यावयाची नाहीं असा तेथला दंडक होता!

त्या काळीं पुरुष चित्रकारांच्या चित्रशाळांत मुलांच्या बरोबरीनें मुलींना बसावयास मिळत नसे. आदेलाईदनें विद्या मिळविली ती तुकड्यातुकड्यांनीं : लघुचित्रें फ्रान्स्वा-एली व्हँसाँजवळ, रंगीत खडूंचें काम ला तूरजवळ, आणि तैलरंग त्याच व्हँसाँचा मुलगा फ्रान्स्वा-आंद्रे ह्याच्याजवळ. जें आपणांस दारोदार वेचावें लागलें तें मुलींना एका छपराखालीं मिळावें, म्हणून तिनें स्वतःची चित्रशाळा घातली. १७८१ सालीं लियाँहून मारी-गाब्रिएल कापे नांवाची वीस वर्षांची मुलगी तेथें आली. गुरूहून ती बारा वर्षांनीं लहान. आली शिष्या म्हणून, आणि राहिली घरचीच होऊन.

१७८५ च्या प्रदर्शनांत आदेलाईदनें सुमारें सात फूट उंचीचें आत्मचित्र मांडलें. अंगांत रेशमी झगा, डोक्यावर पिसांची टोपी, हातीं कुंचले. अशा थाटांत कोणी रंगकाम करीत नाहीं हें उघड आहे. पण खुर्चीमागें कापे व रोझमों ह्या दोन शिष्या उभ्या आहेत, आणि चित्राचें खरें बोलणें तेंच आहे. चारांचा दंडक घालणाऱ्यांपुढें तिनें हा जणूं अर्जच ठेविला होता. राजाच्या चित्रकारांना लूव्ह्र वाड्यांत राहावयास जागा मिळे. हिला मात्र ती नाकारण्यांत आली, कां तर हिच्याकडे तरुण मुली येतात! ती जागा मिळाली १७९५ सालीं, राज्यक्रांतीनंतर.

त्या क्रांतीनें तिजकडून फार मोठी किंमत घेतली. राजबंधूच्या आज्ञेवरून अडीच वर्षे खपून काढलेलें तिचें भव्य चित्र १७९३ सालीं नष्ट करण्यांत आलें. (पदच्युत राजावर खटला चालला तो ‘लुई कापे’ ह्या नांवानें; शिष्येचें आडनांव तेंच, हा निव्वळ योगायोग.) ह्या धामधुमींत कापेनें गुरूची सोबत सोडली नाहीं. पुढें आदेलाईदनें फ्रान्स्वा-आंद्रेशीं विवाह केला, तेव्हांही कापे त्या घरांतच राहिली. १८०३ सालीं आदेलाईद वारली.

पांच वर्षांनीं, १८०८ च्या प्रदर्शनांत, कापेनें एक चित्र ठेविलें. त्यांत मृत गुरू पुन्हां चित्रफलकासमोर बसली आहे व वृद्ध चित्रकार व्हिएँ ह्यांचें व्यक्तिचित्र काढीत आहे. भोंवतीं पुरुष कलावंतांचा मेळा जमला आहे. पण कुंचला तिच्या हातीं. अकादमीनें जिला मोजून जागा दिली, तिला शिष्येनें भर सभेच्या मध्यभागीं बसविलें. कापे स्वतः तेव्हां नांवाजलेली चित्रकर्त्री होती. तरी स्वतःसाठीं तिनें घेतलेलें काम पाहण्यासारखें आहे. ती गुरूजवळ बसून रंगांची फळी तयार करीत आहे, आणि तिची दृष्टि प्रेक्षकांकडे आहे.

फ्रान्स्वा-आंद्रे १८१६ त वारला. तोंपर्यंत त्याची शुश्रूषा कापेनेंच केली. ती १८१८ त गेली. गुरूनें काढलेलें चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे, आणि शिष्येनें काढलेलें म्यूनिकला.