कामाची नोंद आणि कामगाराचा शब्द

ठाणें शहराच्या पश्चिम अंगास, मुलुंडच्या वेशीला लागून, वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत आहे. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें, १९६१ सालीं औद्योगिक विकासाचा कायदा झाला, आणि १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कार्यारंभ याच वसाहतींत झाला. येथील रस्त्यांना नांवांपेक्षां क्रमांकांनींच ओळखतात. यंत्रांचे सुटे भाग, औषधें, विजेचीं उपकरणें असा नानाविध माल या रस्त्यांवर तयार होत असे, आणि किसननगर, लोकमान्यनगर या आसपासच्या वस्त्या कामगारांच्या कुटुंबांनीं भरून गेल्या. पुढें त्यांतील अनेक कारखाने बंद पडले व त्यांच्या जागीं संगणकावरील कामाचीं उंच, काचेचीं कार्यालयें उभीं राहिलीं.

कारखान्याच्या काळीं दारावर हजेरीपट असे आणि यंत्रापाशीं जॉब कार्ड असे. कोणत्या कारागिरानें किती नग काढले, किती वेळ लागला, किती नग बाद झाले, हें त्यावर लिहिलें जाई. आजच्या कार्यालयांत हेंच काम प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर करितें. साधन बदललें, परंतु त्याच्या पोटांतला प्रश्न जुनाच आहे. माणसाच्या कामाची नोंद कोण लिहितो, ती कोण वाचतो, आणि ज्याच्याविषयीं ती लिहिली त्याला तीवर बोलण्याची संधि मिळते कीं नाहीं? या प्रश्नाचा इतिहास दोनशें वर्षांहून अधिक जुना आहे.

स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीचा कारभार रॉबर्ट ओवेन यानें १८०० सालीं हातीं घेतला. मजुरांना मारहाण करणें किंवा शिव्या देणें त्याला मान्य नव्हतें. म्हणून त्यानें प्रत्येक मजुराजवळ लांकडाचा एक लहानसा चौकोनी तुकडा टांगला. त्याच्या चार बाजूंना काळा, निळा, पिवळा व पांढरा असे चार रंग होते. आदल्या दिवशींचें वर्तन वाईट असेल तर काळी बाजू समोर येई. उत्तम असेल तर पांढरी. या तुकड्याला ओवेन 'मूक पहारेकरी' म्हणे. रोजचा रंग अंकाच्या रूपानें वहींतही उतरविला जात असे. मात्र या व्यवस्थेंत एक सोय होती, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. देखरेख करणाऱ्यानें अन्याय केला असें ज्याला वाटे, त्याला वहींत अंक पडण्यापूर्वीं खुद्द ओवेनकडे तक्रार करितां येई. कालांतरानें काळा रंग कमी होत जाऊन पिवळा व पांढरा वाढत गेला, असें ओवेननें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. गिरणीचा धनी तोच आणि न्यायाधीशही तोच, हा दोष त्यांत होता खरा. तरीपण शाई वाळण्यापूर्वीं मजुराचें म्हणणें ऐकलें पाहिजे, एवढें तत्त्व त्यानें ओळखलें होतें.

पुढील शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर यानें हातांत सेकंदांचें घड्याळ घेऊन काम मोजण्यास आरंभ केला. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यांत दिवसाकांठीं सुमारें १२½ टन कच्चें लोखंड उचलणाऱ्या मजुराकडून आपण ४७½ टन उचलून घेतलें, असें त्यानें लिहिलें आहे. त्या हकिकतीच्या तपशिलावर पुढील अभ्यासकांनीं बऱ्याच शंका घेतल्या. तेथील मजुरांना रोज सकाळीं आदल्या दिवसाच्या कामाची चिठ्ठी मिळे. पांढरी चिठ्ठी म्हणजे काम पुरें. पिवळी म्हणजे उणें. ओवेनचे रंग येथें पुन्हां आले, परंतु तक्रारीचा मार्ग मात्र मागें पडला. कामाचा वेग तज्ज्ञानें ठरवावा व मजुरानें तो पाळावा, हा टेलरचा सिद्धान्त. त्याचा ग्रंथ १९११ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावतांच ओतारी कामगारांनीं संप केला. १९१५ सालीं अमेरिकन काँग्रेसनें सरकारी शस्त्रागारांत अशा मोजणीवर पैसा खर्च करण्यास मनाई केली.

हा वाद मुंबईसही पोहोंचला. गिरण्यांतील विणकरांना तयार कापडावर मजुरी मिळे. सूत निकृष्ट असलें कीं धागा वारंवार तुटे, सांचा थांबे आणि कापड कमी निघे. पण हिशेबांत उतरे तें केवळ कमी निघालेलें कापड. सुताचा दोष विणकराच्या नांवावर जमा होत असे. अशांत एका विणकरानें दोनांऐवजीं तीन सांचे चालवावे, अशी योजना कांहीं गिरण्यांनीं पुढें आणली. १९२८ सालीं सुमारें दीड लाख गिरणीकामगारांनीं जवळजवळ सहा महिने संप केला, त्याच्या मुळाशीं जीं कारणें होतीं त्यांत हें एक प्रमुख होतें. संप मिटतांना चौकशीसाठीं न्यायमूर्ति फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली व तिचा अहवाल १९२९ सालीं आला.

यानंतरची पायरी कायद्याची. १९३६ च्या वेतन कायद्यानें दंडाच्या मनमानीस आळा घातला. कोणत्या चुकीसाठीं दंड होईल तें आगाऊ फलकावर लावलें पाहिजे. दंड रुपयास अर्ध्या आण्याहून अधिक नसावा. त्याची नोंदवही ठेवली पाहिजे. आणि कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधि दिल्यावांचून दंड करूं नये, अशा अटी त्यांत होत्या. जी गोष्ट न्यू लॅनार्कमध्यें एका धन्याची मर्जी होती, ती येथें कामगाराचा हक्क झाली. २०१९ च्या वेतन संहितेंतही बाजू मांडण्याची ही अट कायम आहे.

दरम्यान मोजणीचें क्षेत्र हातांच्या कामापासून डोक्याच्या कामाकडे सरकलें. पीटर ड्रकर यानें १९५४ सालीं उद्दिष्टांच्या द्वारें कारभार करण्याची कल्पना मांडली, तेव्हां आत्मनियंत्रण हा शब्द तिला जोडूनच दिला होता. पुढें इंटेल कंपनींत अँड्र्यू ग्रोव्ह यानें तिला नवें रूप दिलें. १९९९ सालीं तें गूगलमध्यें गेलें. माणसानें आपली प्रगति आपणच पाहावी यासाठीं हीं उद्दिष्टें आहेत, पगारवाढीचा निवाडा केवळ त्यांवर करूं नये, असें ग्रोव्हचें मत होतें. टेलरचें घड्याळ देखरेख करणाऱ्याच्या हातीं होतें. ग्रोव्हला तें काम करणाऱ्याच्या हातीं हवें होतें.

२००२ सालीं जिरा आणि २०११ सालीं ट्रेलो हीं सॉफ्टवेअरें आलीं, तीं या दोन्ही परंपरांचे वारस होत. पडद्यावर एक पाटी असते. करावयाचें, चालू असलेलें व झालेलें असे तिचे रकाने असतात. प्रत्येक कामाचें एक कार्ड. त्यावर करणाऱ्याचें नांव व मुदत. कार्ड कोणीं, कोणत्या दिवशीं, किती वाजतां हलविलें, हें यंत्र आपोआप टिपून ठेवतें. आपल्या कामाचा पसारा स्वतः डोळ्यांसमोर ठेवण्यास याहून सोयीचें साधन नाहीं. पूर्वीं वरिष्ठाच्या मनांत काय आहे याचा अंदाज बांधावा लागे. आतां ठरलेली मुदत दोघांनाही दिसते. हा लाभ लहान नव्हे.

परंतु यंत्र टिपतें तें कार्डाचें हलणें; कामाचें वजन नव्हे. एका कार्डांत अर्ध्या तासाची दुरुस्ती असते, दुसऱ्यांत तीन आठवड्यांची डोकेफोड असते. मोजणाऱ्याला दोन्ही सारखींच. ग्राहकाचें उत्तर आलें नाहीं म्हणून अडलेलें कार्ड ज्याच्या नांवावर आहे त्याच्याच खातीं उशीर म्हणून जमा होतें. जुन्या विणकराचें तुटलेलें सूत तें हेंच. शेजाऱ्याच्या अडचणींत दोन तास बसून त्याला मदत करणाऱ्याचें तर कार्डच नसतें. आणि अशा मदतीवरच पुष्कळदां कार्यालय चालतें. डोंबिवलीहून गाडींत उभा राहून येणारा तरुण वर्षअखेरीस वरिष्ठासमोर बसतो, तेव्हां त्याचें वर्ष या कार्डांच्या बेरजेंत मांडलेलें असतें. त्याच्या पगारांतून दंड कापला तर कायदा त्याचें म्हणणें ऐकावयास लावतो. पण बेरजेवरून त्याची वाढ रोखली गेली तर तेथें दंडाचा तो नियम लागू होत नाहीं.

म्हणून कार्यालयांनीं जुन्या वह्यांकडून घेण्यासारखें बरेंच आहे. उद्दिष्ट ठरवितांना काम करणाऱ्यास विचारावें. काय मोजलें जाणार तें आरंभींच सांगावें. कार्ड अडलें तर कां अडलें, हें त्यावरच लिहिण्याची मोकळीक द्यावी व वर्षाचा निवाडा करितांना तें वाचावें. सॉफ्टवेअरांत शेरा लिहिण्यास जागा असतेच. तो शेरा वाचणारा वरिष्ठ मात्र कार्यालयानेंच नेमावा लागतो. न्यू लॅनार्कच्या गिरणींत लांकडाचा तुकडा मुका होता, तरी मजुराला बोलण्याची सोय होती. वागळे इस्टेटींतील पडद्यासमोर बसणाऱ्यालाही निदान तेवढी सोय असावी.