अद्भुताला जाब कोण विचारतं? विज्ञानकथा आणि अद्भुतकथा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, 'सर, विज्ञानकथेतही अशक्य गोष्टी घडतात, अद्भुतकथेतही घडतात. मग दोन वेगळी नावं कशाला? यान आलं की विज्ञानकथा आणि राक्षस आला की अद्भुतकथा, एवढंच ना?' प्रश्न साधा वाटतो, पण तसा तो नाही. आज त्याचं उत्तर व्याख्येतून देण्याऐवजी इतिहासातून शोधू या.

सुरुवात करू योहानेस केप्लरपासून. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा केप्लर आपल्याला माहीत आहे. पण ट्युबिंगेनला विद्यार्थी असताना, 1593 मध्ये, त्याला एक वेगळाच प्रश्न पडला होता: चंद्रावर उभं राहून आकाश पाहिलं तर कसं दिसेल? पुढे 1609 च्या सुमारास त्याने त्याची एक गोष्ट रचली. तिचं नाव 'सोम्नियम', म्हणजे स्वप्न. नायक आइसलंडचा. त्याची आई जडीबुटी विकणारी, भुताखेतांशी बोलणारी. ती एका पिशाच्चाला बोलावते आणि ते चंद्राचं वर्णन करतं.

आता गंमत बघा. माणसाला चंद्रावर नेणार कोण? पिशाच्च. म्हणजे अद्भुतकथा झाली! पण पुढे वाचा. प्रवासाच्या सुरुवातीला बसणाऱ्या धक्क्यासाठी प्रवाशाला गुंगीचं औषध द्यायचं, हवा विरळ म्हणून नाकाशी ओले स्पंज धरायचे. चंद्रावर पोहोचल्यावर तर शुद्ध गणितच: आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा तिथला दिवस, तेवढीच मोठी रात्र. पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी टांगलेली, स्वतःभोवती फिरताना दिसणारी. चंद्रवासीयांना वाटतं आपण स्थिर आहोत. केप्लरला म्हणायचं होतं ते हेच. त्यांना जसं वाटतं तसंच आपल्यालाही वाटतं, आणि दोघंही फसलेले! कोपर्निकसची बाजू त्याने गोष्टीतून मांडली.

पण या गोष्टीला एक दुःखद शेपूट आहे. केप्लरच्या खऱ्या आईवर, कॅथरिनावर, 1615 पासून चेटकिणीचा आळ आला. 1620 मध्ये तिला अटक झाली. वय सत्तरीच्या पुढे, आणि साखळदंडात चौदा महिने. केप्लर स्वतः तिच्या बचावासाठी धावला. 1621 मध्ये ती सुटली आणि पुढच्याच वर्षी वारली. आपल्या गोष्टीचं हस्तलिखित हातोहात फिरलं, त्यातल्या आईवरून लोकांनी खऱ्या आईबद्दल कुजबुज सुरू केली, असं केप्लरला वाटत राहिलं. आजच्या इतिहासकारांना हे कारण तितकंसं पटत नाही. पण त्याच्या मनाला ते लागलं होतं. नंतर त्याने त्या छोट्याशा गोष्टीला 223 टिपा जोडल्या: हे रूपक आहे, हे गणित आहे, हा विनोद आहे. पुस्तक छापून आलं 1634 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

या टिपा म्हणजे काय? कोणत्या वाक्याला कोणता जाब विचारायचा, हे वाचकाला सांगण्याची धडपड. माझ्या मते दोन प्रकारांतला फरक इथेच आहे.

आणखी एक जोडी घेऊ. झ्यूल व्हेर्नने 1865 मध्ये तिघांना तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे पाठवलं. गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर. पृथ्वीची ओढ तोडायला लागतो तेवढाच, जवळजवळ अचूक. पण तोफेची लांबी 900 फूट. एवढ्या अंतरात तो वेग गाठायचा तर प्रवाशांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भार येईल. त्यांचा चपटा पापडच व्हायचा! एच. जी. वेल्सने 1901 मध्ये तोफच टाळली आणि गुरुत्वाकर्षण अडवणारा 'कॅव्होराइट' नावाचा पदार्थ कल्पिला. व्हेर्नला ते रुचलं नाही. मी भौतिकशास्त्र वापरतो, हे गृहस्थ पदार्थच शोधून काढतात, तो धातू दाखवा म्हणावं, अशी त्याची तक्रार होती.

पण वेल्सने पुढे काय केलं ते पाहा. कॅव्होराइटचा पत्रा तयार होताच त्याच्या वरच्या हवेचं वजन नाहीसं होतं, ती उसळून वर जाते, आजूबाजूची हवा आत धावते, वादळ होतं, छपरं उडतात. एक अशक्य गोष्ट गृहीत धरली, पण तिचे परिणाम निसर्गाच्या नियमांनी ओढत नेले. म्हणून दोघंही विज्ञानकथाकार. व्हेर्नचं चुकलं, असं आपण गणित करून म्हणू शकतो. चूक काढता येणं हीच त्या प्रकाराची खूण. विज्ञानकथा खरी असावी लागत नाही. तिने पडताळ्याला सामोरं जायला हवं.

मग अद्भुतकथेला नियम नाहीत का? आहेत की! द्रौपदीची थाळी घ्या. सूर्याने दिलेली. ती जेवेपर्यंत अन्न संपत नाही. ती जेवली की थाळी रिकामी. अन्न कुठून येतं, असं कुणी विचारत नाही. पण ती जेवल्यावर दुर्वास शिष्यांसह दारात येतात, तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो, कारण नियम कडक आहे. तो निसर्गाचा नियम नाही. तो वराचा, शापाचा, आतिथ्याचा नियम आहे. अद्भुतकथा जाब देते ती माणसाच्या धर्मसंकटाला.

ही सरमिसळ आज का टाळायची? 1974 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी 'वैमानिकशास्त्र' तपासलं. ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरी 2015 च्या मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. यात विज्ञानाचं नुकसान होतं, हे सगळे म्हणतात. मला वाईट वाटतं ते पुष्पकाचं. ज्याला इंजिनाची गरजच नव्हती, त्याला आपण परीक्षेला बसवतो आणि नापास करवतो!

त्याच 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं टोपणनाव. कथा नावामुळे नव्हे, स्वतःच्या बळावर तपासली जावी, म्हणून. पडताळ्याला सामोरं जाणं म्हणतात ते हेच.

तेव्हा श्रोतेहो, यान की राक्षस हे पाहू नका. गोष्ट कुणाला जाब देते ते पाहा, आणि तोच जाब तिला विचारा. केप्लरला 223 टिपा लिहाव्या लागल्या. आपल्या लेखकांवर ती वेळ येऊ नये.