एका रात्रीच्या तीन कॅसेटी

१९८५-८६च्या सुमारास शनिवारी रात्री जेवणं उरकली की घाटकोपरच्या पंतनगरात किंवा अंधेरीच्या डी. एन. नगरात एखाद्या दारासमोर चपलांचा ढीग पडलेला दिसे. इमारतीतल्यांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणलेला असे आणि त्याच्याबरोबर तीन कॅसेटी. पहिली घरच्या सगळ्यांसाठी, दुसरी मारधाडीची. तिसरी मध्यरात्रीनंतर लागायची, ती भुताची. तोवर पोरं झोपतील, हा मोठ्यांचा हिशेब. आणि पोरं चादरीच्या फटीतून सगळं बघत असत.

ही तिसरी कॅसेट बहुधा रामसे बंधूंची. त्यांचा ‘पुराना मंदिर’ १९८४ साली आला. प्रमाणपत्र ‘ए’. बोरिवलीच्या जया, मुलुंडच्या मेहुल किंवा घाटकोपरच्या ओडियनसारख्या थिएटरात ‘ए’ सिनेमा लागला की दारावरचा माणूस मिसरूड न फुटलेल्यांना परत पाठवू शके. घरातल्या टीव्हीसमोर असा दरवान नव्हता. म्हणूनच उपनगरातल्या भयपटांचा इतिहास थिएटरांपेक्षा कॅसेट लायब्ररीत अधिक सापडतो.

१९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आलं आणि पाठोपाठ व्हीसीआर घराघरांत शिरू लागले. पण कॅसेट भाड्याने देण्याची रीत मुंबईला परकी नव्हती. तिची मुळं पुस्तकांच्या दुकानात आहेत. शेमारू ही कंपनी १९६२ साली वॉर्डन रोडवर फिरतं वाचनालय म्हणून सुरू झाली आणि १९७९मध्ये व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देऊ लागली. पुढे तिचं मुख्य कार्यालय अंधेरीत मरोळला आलं. उपनगरांतल्या छोट्या लायब्ऱ्यांची घडीही वाचनालयाचीच: डिपॉझिट, वही, रोजचं भाडं. पुस्तक वेळेत आणून दिलं नाही तर दंड, तसा कॅसेट रिवाइंड न करता आणली तर टोमणा.

नेहमीच्या ई-१८० कॅसेटीत तीन तास मावत, म्हणजे गाण्यांसकट अख्खा हिंदी सिनेमा. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ‘प्रिंट कशी आहे?’ हा असे, कारण थिएटरात कॅमेरा लपवून उतरवलेल्या प्रिंटचाही सुळसुळाट होता. पडद्यावर मुंग्या आल्या की हेड साफ करायचं. पावसाळा तर या धंद्याचा वैरीच. मुंबईच्या दमट हवेत पट्टीवर पांढरी बुरशी धरे आणि ती कॅसेट लावली की दुसऱ्याच्या व्हीसीआरचं हेडही खराब होई. चोरट्या कॅसेटींना आळा घालायला १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या, तरी कॅसेटी फिरत राहिल्या.

रामसेंच्या भुतांच्या जन्मापाशी एक मराठी साहित्यिक उभा आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ‘रणांगण’ कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर यांनी १९७० साली एफ. यू. रामसे यांच्यासाठी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ दिग्दर्शित केला. तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर सैतानाचा मुखवटा घालून चोरी करायला शिरतात तो प्रसंग आला की प्रेक्षक दचकून उठतात, हे रामसेंच्या मुलांनी थिएटरात बसून हेरलं. सगळा सिनेमा पडला आणि एक प्रसंग जिंकला. मग अख्खा सिनेमाच भीतीचा का करू नये? वडील तयार झाले, महाबळेश्वरी बिऱ्हाड गेलं आणि १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ पडद्यावर आला. सात भावांनी कामं वाटून घेतली होती. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, गंगू कॅमेरा सांभाळी, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, कुमार लेखन. समीक्षकांनी या घराला कधी जवळ केलं नाही. हा अन्याय होता. थोड्या पैशांत, धुरात आणि निळ्या-लाल दिव्यांत त्यांनी उभी केलेली हवेली त्या पिढीच्या डोळ्यांसमोरून हललेली नाही.

या हवेलीचं आजोळ फार लांब आहे. १८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाने पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळा नासला. जिनिव्हाजवळच्या व्हिला दियोदातीत पावसाने अडकलेले कवी बायरन आणि शेली, शेलीची प्रेयसी मेरी आणि बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी भुताच्या गोष्टी रचत बसले. त्यातून मेरीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघाला आणि पॉलिडोरीची रक्तपिपासू उमरावाची कथा. केन रसेल यांनी १९८६ साली त्याच प्रसंगावर ‘गॉथिक’ हा सिनेमा काढला. थिएटरांत तो फार चालला नाही. त्याला चाहते मिळाले ते व्हिडिओ कॅसेटीवर. त्याच दशकात इथे रामसेंची भुतंही कॅसेटींवरून घरोघरी जात होती. पॉलिडोरीचा उमराव ड्रॅक्युलाच्या वाटेने १९९०मध्ये रामसेंच्या ‘बंद दरवाजा’त पोचला. तिथे त्याचं नाव नेवला, काम अजय अगरवालचं. ‘पुराना मंदिर’मधला सैतान सामरीही त्यानेच केला होता.

नव्वदीत केबल आली. केबलवाला एक कॅसेट लावी आणि अख्खी वस्ती बघे; लायब्ररीचं गिऱ्हाईक तिथेच तुटलं. १९९३ साली रामसेंनी ‘झी हॉरर शो’ सुरू केला आणि भूत दर आठवड्याला आपल्या पायाने घरी येऊ लागलं. आता मोंडो मकाब्रो ही परदेशी कंपनी ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ स्वच्छ करून डिस्कवर विकते. तुलसी रामसे २०१८मध्ये गेले, श्याम २०१९मध्ये.

डिस्कवर सामरीचा चेहरा लख्ख दिसतो. लायब्ररीच्या कॅसेटीत तो येण्याआधीच चित्र थरथरायचं, कारण रिवाइंड करून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा बघितल्याने पट्टी नेमकी तिथे झिजलेली असे. पोरांना त्यावरून कळे, आता तो येणार.