पीएचपीमधलं ‘इन्क्लुड’ : एकच फाइल सगळ्या पानांवर कशी येते आणि धोका कुठे असतो?

एखाद्या शाळेची किंवा पतसंस्थेची वेबसाइट उघडून पाहा. वरची पट्टी, मेन्यू आणि तळाचा पत्ता प्रत्येक पानावर सारखाच दिसतो. समजा अशी ४० पानं आहेत आणि संस्थेचा फोन नंबर बदलला. मग तो ४० ठिकाणी बदलायचा? एखादं पान राहून जाणारच आणि लोक जुन्याच नंबरवर फोन करत बसणार.

म्हणून असा सामायिक भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात आणि प्रत्येक पानात ‘ती फाइल इथे घे’ एवढी एकच ओळ लिहितात. पीएचपी या भाषेत त्यासाठी ‘इन्क्लुड’ आहे. नंबर एका फाइलमध्ये बदलला की सगळीकडे बदलतो. वर्डप्रेसच्या थीममध्येही हेडर आणि फुटर अशा वेगळ्या फाइलींतूनच येतात.

ही जोडणी सर्व्हरवर होते. ब्राउझरला मिळतं ते तयार एचटीएमएल. त्यामुळे ‘व्ह्यू सोर्स’ करून पाहिलं तरी पान किती फाइलींपासून बनलंय हे कळत नाही.

‘इन्क्लुड’ की ‘रिक्वायर’?

दोघांचं काम एकच, फरक पडतो तो फाइल सापडली नाही तर. ‘इन्क्लुड’ इशारा देऊन पुढे जातं, ‘रिक्वायर’ पान तिथेच थांबवतं. तळपट्टी गायब झाली तर फार बिघडत नाही. पण लॉगिन तपासणारी फाइलच सापडली नाही आणि पान तरीही पुढे चालू राहिलं तर? आत कोणीही शिरेल. त्यामुळे डेटाबेस आणि लॉगिनसारख्या गोष्टींसाठी ‘रिक्वायर’च वापरावं.

दोघांच्या पुढे ‘वन्स’ जोडलं की तीच फाइल दुसऱ्यांदा घेतली जात नाही. फंक्शन्स असलेली फाइल चुकून दोनदा आली तर ‘हे फंक्शन आधीच आहे’ म्हणून पीएचपी अडून बसतं. ते याने टळतं.

नवशिके सर्वाधिक अडकतात ते फाइलच्या पत्त्यात. मुख्य पानावर नीट चालणारी ओळ उपफोल्डरमधल्या पानावर अचानक फाइल सापडत नाही म्हणते. कारण अर्धवट पत्ता दिला की पीएचपी तो कुठून मोजायचा हे चालू पानाच्या जागेवरूनही ठरवतं. यासाठी ‘डीआयआर’ हा स्थिरांक आहे (लिहिताना त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर). ज्या फाइलमध्ये तो लिहिलाय, तिच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता तो देतो. पत्ता त्याच्यापासून सुरू केला की घोळ होत नाही.

पासवर्ड उघडा पडतो तो असा

पूर्वी अनेक जण जोडायच्या फाइलींना ‘डॉट आयएनसी’ असं शेपूट लावायचे. जुन्या साइटवर अजूनही दिसतं. अडचण अशी की वेगळी सेटिंग केली नसेल तर सर्व्हर अशी फाइल पीएचपी म्हणून चालवत नाही, साधा मजकूर म्हणून दाखवतो. थेट तिचा पत्ता टाकला की आतला डेटाबेसचा पासवर्ड स्क्रीनवर! म्हणून शेपूट ‘डॉट पीएचपी’च ठेवावं आणि शक्य असेल तर अशा फाइली वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवाव्यात. वर्डप्रेसची पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइलही एक फोल्डर वर हलवता येते, वर्डप्रेस तिला तिथे शोधून काढतं.

सगळ्यात मोठी चूक

काही जण कोणती फाइल जोडायची हे थेट यूआरएलमधून घेतात. पत्त्यात ‘पेज’पुढे ‘संपर्क’ लिहिलं की संपर्काची फाइल जोडायची. कोड आटोपशीर दिसतो खरा, पण फाइल निवडण्याचा अधिकार आता पाहुण्याच्या हाती गेला. तो ‘संपर्क’ऐवजी दोन टिंबं आणि तिरकी रेघ पुन्हा पुन्हा टाकून वरच्या फोल्डरांत शिरू शकतो आणि सर्व्हरवरच्या दुसऱ्याच फाइली मागू शकतो.

त्यात ‘इन्क्लुड’ फाइलचं शेपूट बघत नाही. प्रोफाइल फोटो म्हणून अपलोड केलेल्या फाइलमध्ये पीएचपी कोड दडवला असेल आणि ती जोडली गेली, तर तो कोड चालतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवरची फाइल अशी जोडायची वाट मात्र २००६ मध्ये आलेल्या पीएचपी ५.२ पासून मुळातच बंद असते. कोणी सेटिंगमध्ये ती मुद्दाम उघडली तर गोष्ट वेगळी.

उपाय सोपा आहे. परवानगी असलेल्या पानांची यादी कोडमध्येच लिहायची. यूआरएलमधून आलेला शब्द त्या यादीत असेल तरच त्याच्यासमोर लिहिलेली फाइल जोडायची, नाहीतर ‘पान सापडलं नाही’ दाखवायचं. नको ती चिन्हं गाळून टाकण्याच्या युक्त्यांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही, त्यांना वळसा घालायच्या वाटा खूप आहेत.

आजकाल मोठ्या प्रकल्पांत प्रत्येक फाइल हाताने जोडत नाहीत. ‘कंपोझर’चा ऑटोलोडर लागेल तो क्लास शोधून आणतो. अर्थात, तो ऑटोलोडर सुरू करण्यासाठी सुरुवातीला एक ‘रिक्वायर’ लिहावंच लागतं.