घरी राहण्याचा परवाना

व्हिसा म्हटलं की विमानतळ डोळ्यांपुढे येतो. गोव्यातला सर्वांत गाजलेला वास्तव्याचा खटला मात्र अशा माणसावर झाला, जो कुठून आलेला नव्हता आणि कुठे जायलाही तयार नव्हता.

१८ डिसेंबर १९६१ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. बाराव्या घटनादुरुस्तीने २० डिसेंबरपासून गोवा, दमण आणि दीव हा भारताचा प्रदेश ठरला. जमिनीचं ठरलं; माणसांचं ठरायला २८ मार्च १९६२ उजाडला. त्या दिवशीचा नागरिकत्व आदेश सांगतो की जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा २० डिसेंबरपूर्वी इथे जन्मले, तो भारतीय. ज्याला आधीचंच नागरिकत्व ठेवायचं असेल, त्याने आदेश राजपत्रात छापल्यापासून महिन्याभरात तसं लिहून द्यावं. एक महिना! आमच्याकडे वाटणीच्या दाव्यात पुढची तारीख मिळायलाही याहून जास्त दिवस जातात. गावोगावच्या बहुतेकांनी काहीच लिहून दिलं नाही, आणि काहीच न करता ते भारतीय झाले.

फादर मोंतेरो यांनी लिहून दिलं. हे गोव्यातच राहणारे कॅथलिक पाद्री. पोर्तुगीज नागरिकत्व ठेवल्यामुळे परकीय म्हणून त्यांची नोंद झाली आणि राहायचा परवाना मिळाला, तो नोव्हेंबर १९६४पर्यंतचा. मुदत संपत आली तरी त्यांनी वाढवून मागितली नाही. देश सोडा असा हुकूम निघाला, तोही पाळला नाही. मग परकीय नागरिक कायद्याखाली खटला, ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड. अपील हरत हरत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं.

मी म्हापशात ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो, ते पोर्तुगीज अमदानीत शिकलेले. व्हिसा-वास्तव्याचं पहिलं काम हातात देण्याआधी ते नवख्याला हा निकाल वाचायला लावत. फादरांचा मुद्दा साधा नव्हता. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, आणि व्यापलेल्या प्रदेशातल्या रहिवाशाला जिनिव्हा कराराचं संरक्षण असतं, तो प्रदेश नंतर विलीन करून घेतला म्हणून ते जात नाही, असं म्हणणं. मार्च १९६९मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी त्याला उत्तर दिलं. लष्करी ताबा ही युद्धातली तात्पुरती अवस्था. इथे लढाई काही तासांत आटोपली, पोर्तुगीज सत्ता उरली नाही, प्रदेश भारताचा झाला. ताबाच संपला, तर संरक्षण कशाचं? अपील फेटाळलं गेलं.

कायद्याने निकाल बरोबर आहे, असंच माझंही मत. पण परवाना वाढवून मागणं म्हणजे आपण पाहुणे आहोत हे मान्य करणं, आणि तेवढं करायला हा माणूस राजी नव्हता. साध्या अर्जाने सुटला असता तो प्रश्न त्यांनी दिल्लीपर्यंत नेला. असा अशील वकिलाला क्वचित मिळतो आणि परवडतही नाही.

गंमत पुढची आहे. एप्रिल १९७४मध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली, आणि ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे मारियो सोआरेस, भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मागच्या तारखेपासून मान्य केलं. माणसांवरचा हक्क मात्र सोडला नाही: १९७५च्या कायद्याने, जुन्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना नागरिकत्व ठेवायचं असल्यास तसं जाहीर करायची मुभा दिली. एका महिन्यात बंद झालेलं दार दुसऱ्या बाजूने उघडं राहिलं.

त्या दाराशी गर्दी झाली ती पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यावर. पोर्तुगालचा पासपोर्ट म्हणजे इंग्लंडात स्विंडन किंवा साउथॉलमधली नोकरी, हे बार्देश-सालसेतच्या घराघरांत ठाऊक झालं. आजोबांचा जन्म आधी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवायचा, मग वडिलांचा, मग आपला. त्यासाठी लागतो जन्माच्या नोंदीचा पूर्ण उतारा, आणि आमच्या कामातला खरा कस तिथे लागतो. १९१४च्या आधीच्या कॅथलिकांच्या नोंदी चर्चच्या वह्यांत, नंतरच्या नागरी नोंदणीच्या बाडांत, अक्षर कारकुनाच्या मर्जीचं. हिंदूंची तर आणखी तऱ्हा. पोर्तुगीज कागदात कामत म्हणजे कामोतीं, प्रभू म्हणजे पोरोबो. नाईकाच्या स्पेलिंगात क्यू घुसलेला, गावकरात के ऐवजी सी. नातवाचं आधार कार्ड तिसरंच काही बोलतं. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि गरज पडल्यास नाव बदलण्याच्या १९९०च्या गोव्याच्या कायद्याखाली अर्ज. यात एजंटांनी पुष्कळ कमावलं. त्यांतल्या काहींनी दुसऱ्याच्या आजोबांवर कमावलं, हेही मी पाहिलेलं आहे.

ब्रेक्झिटनंतर इंग्लंडची वाट अरुंद झाली, तरी अर्ज थांबलेले नाहीत. आता प्रश्न परतीचा आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. मग बापजाद्यांच्या घरात राहायचं तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हवं, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला. पण परदेशी नागरिकत्व घेतल्याचं आधी न कळवल्यामुळे ज्यांचा पासपोर्ट सरकारनेच रद्द केला, त्यांच्याकडे तो दाखला कुठून येणार? एप्रिल २०२४मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचं प्रमाणपत्रही चालेल असं कळवलं, तेव्हा अडकलेल्या फायली हलल्या.

नव्या अशिलाला मी आधी कलम ९ मराठीतून समजावतो, ओसीआयवाल्याला मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही हेही सांगतो. तो मान डोलावतो आणि विचारतो, वकीलबाब, आजोबांचा उतारा कधीपर्यंत मिळेल?