स्वस्त भट्टी, दुर्मीळ गिऱ्हाईक : लोहारकामातील प्रवेशाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

ग्रामीण कारागिरीच्या ऱ्हासाची चर्चा करताना भांडवलाचा अभाव हे कारण बहुधा प्रथम सांगितले जाते. लोहारकामाला मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही. लोखंड तापविण्याची भट्टी अत्यंत अल्प खर्चात उभी राहते. असे असूनही हा व्यवसाय वाटेल त्याला सुरू करता येत नव्हता. असे का, या प्रश्नाचा उमरगा परिसर ज्याचा भाग आहे त्या मराठवाड्याचा व एकूण महाराष्ट्राचा संदर्भ घेऊन प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

भट्टीची रचना आणि खर्च

जमिनीत वीतभर खोल खड्डा, त्याला मातीचा लेप, एका बाजूने आत शिरणारी मातीची नळी आणि तिला जोडलेला कातडी भाता एवढ्यावर भट्टी पूर्ण होते. लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते; पण घडाईसाठी ते सुमारे ९०० ते १२०० अंश तापले तरी पुरते. भात्याच्या वाऱ्यावर फुललेला लोणारी कोळसा तेवढी उष्णता सहज देतो. लोहाराची भट्टी साधी राहू शकली याचे कारण हेच आहे.

या तत्त्वाचे प्राचीनत्वही सिद्ध आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे शां. भा. देव आदी पुरातत्त्वज्ञांनी १९७८-८० या काळात केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन भट्टी उजेडात आली. ती धातुकापासून लोखंड गाळण्याची भट्टी होती, घडाईची नव्हे. तथापि मातीची भिंत, कोळसा आणि नळीतून येणारा वारा हे तीन घटक दोहोंना समान आहेत. आजही मालमोटारीचा जुना ब्रेक ड्रम, हाताने फिरवावयाचा पंखा आणि ऐरणीऐवजी रुळाचा तुकडा एवढ्यावर काम सुरू करता येते. मोटारीच्या कमानपाट्याचे पोलाद पाणी देऊन कठीण होते, म्हणून कोयता किंवा छिन्नी घडविण्यास ते उपयोगी पडते.

गिऱ्हाइकाचा वतनी हक्क

भट्टी स्वस्त असली तरी गिऱ्हाईक खुले नव्हते. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे विस्तृत चित्रण आढळते. फाळ शेवटणे, कुऱ्हाडी-विळ्यांना धार लावणे ही कामे लोहाराने वर्षभर करावीत आणि सुगीत खळ्यावरून बलुते उचलावे, असा हा व्यवहार होता. लोखंड, आणि पुष्कळदा कोळसाही, शेतकरी आणी. घण मारावयासही तोच उभा राही. म्हणजे कच्च्या मालाचे भांडवलही लोहाराला फारसे गुंतवावे लागत नव्हते. त्याची खरी मालमत्ता म्हणजे गावकीतील वंशपरंपरागत हक्क. हा हक्क नसणाऱ्या उपऱ्याने भट्टी पेटविली तरी त्याला काम कोण देणार?

या प्रश्नाचे एक उत्तर घिसाडी समाजाने दिले. महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणला जाणारा हा समाज बिऱ्हाडासह गावोगाव फिरे, गावाच्या कडेला खड्डा खणून भट्टी लावी आणि काम संपताच पुढे जाई. त्यांच्यात स्त्रिया भाता ओढतात तशाच घणही मारतात. बाहेरचा मजूर न लावता चालणारा हा धंदा कुटुंबाच्या श्रमावर उभा होता. भट्टी सोबत नेण्याचीही गरज नव्हती. ती प्रत्येक मुक्कामी नव्याने होई. मात्र या स्वातंत्र्याची किंमत त्यांनी स्थैर्य, शिक्षण आणि जमीन गमावून मोजली.

ओतीव फाळाचा परिणाम

परंपरेने लोहार नसलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे तो खपविणे प्रारंभी कठीण गेले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि पुढे हा नांगर सर्वत्र पोहोचला. येथे धातूचा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. घडीव लोखंडाचा झिजलेला फाळ तापवून, ठोकून पुन्हा लांबविता येतो. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, ठिसूळ असते. घणाखाली ते तुटते. झिजलेला बिडाचा फाळ शेवटता येत नाही, तो बदलावाच लागतो. त्यामुळे लोहाराकडे दर हंगामात येणारे एक मुख्य काम दुकानाकडे वळू लागले. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैलगाडीच्या चाकाला धाव चढविण्याचे कामही आटले. खेड्यातून शहरात येणाऱ्या लोहार दांपत्याची कथा भालजी पेंढारकरांनी ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटात मांडली, ती याच स्थित्यंतराची साक्ष म्हणता येईल.

समारोप

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश असून अवजारसंचासाठी १५,००० रुपयांचे साहाय्य व सवलतीच्या व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. तीत प्रशिक्षणाचा व विपणन साहाय्याचाही उल्लेख आहे. वरील विवेचन पाहता योजनेचे यश अवजारसंचापेक्षा या दोन बाबींवर अवलंबून राहील. लोहाराची उणीव भट्टीची कधीच नव्हती. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून उष्णता ओळखणे आणि पाणी केव्हा व किती द्यावे हे जाणणे, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या हातकामातून येते. आणि ज्याच्यासाठी ते वापरावयाचे तो गिऱ्हाईक बलुत्याबरोबर गेला. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील वृद्ध लोहार व घिसाडी कारागिरांची परिभाषा आणि कार्यपद्धती नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. भट्टी पुन्हा केव्हाही बांधता येईल. ती पेटवून काय घडवावे हे सांगणारी पिढी मात्र पुन्हा मिळणार नाही.