न पोचलेली पत्रे

आपला मुलूख सोडून नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या माणसास पत्राचे मोल समजावून सांगावे लागत नाही. आज पत्राची जागा दूरध्वनीने घेतली आहे हे खरे. परंतु घरचा निरोप आला नाही म्हणजे जीव कसा टांगणीस लागतो, हे आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे. आमची तर निम्मी नोकरी आवक-जावक शाखेत गेली. कोणते पत्र केव्हा आले, कोणाकडे गेले, हे नोंदवहीत उतरविणे हेच आमचे काम. न पोचलेले पत्र म्हणजे कोणाची तरी हलगर्जी, एवढाच अर्थ आम्हांस ठाऊक होता. न पोचलेले पत्र हे एका माणसाने दुसऱ्यावर चालविलेल्या सत्तेचे साधनही असू शकते, ही गोष्ट आम्हांस एका कादंबरीने शिकविली.

दिल्लीतील आम्हां सात-आठ मराठी कुटुंबांचे एक लहानसे वाचनमंडळ आहे. गेल्या पावसाळ्यात मंडळाने ॲलिस वॉकर यांची 'द कलर पर्पल' ही कादंबरी वाचावयास घेतली. लेखिकेचा जन्म 1944 साली जॉर्जिया राज्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या काळ्या कुटुंबात झाला. कादंबरी 1982 साली प्रसिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ललित वाङ्मयासाठी हा मान मिळविणारी ती पहिली काळी स्त्री. सारी कादंबरी पत्रांतून उलगडते. सेली नावाची चौदा वर्षांची मुलगी देवाला पत्रे लिहिते. कारण ज्याला ती बाप समजते त्याने तिच्यावर अत्याचार करून, देवाशिवाय कोणाजवळ बोलशील तर खबरदार, असे तिला बजावलेले असते.

पहिल्याच बैठकीत पेच उभा राहिला. पहिले पान वाचून होताच आमच्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "हे चार कुटुंबांत बसून मोठ्याने वाचण्याजोगे नाही." क्षणभर कोणी काही बोलेना. मग एका सहकाऱ्याच्या मातुःश्री, ज्यांना आम्ही सारे मावशी म्हणतो, त्या शांतपणे म्हणाल्या, "माणसाला सांगू नकोस म्हणून त्या पोरीला दम दिलेला आहे. आपणही ऐकत नाही म्हटले, तर तिने सांगावे कोणाला?" त्यावर कोणापाशी उत्तर नव्हते. वाचन पुढे चालू राहिले. सेलीची इंग्रजी व्याकरणाला न जुमानणारी, खेड्यातील काळ्या माणसांच्या तोंडची आहे. डोळ्यांनी वाचताना ती अडखळविते. मोठ्याने वाचली की आपली वाटू लागते.

परंतु ही लेखणी सेलीच्या हाती आली कशी, याचा इतिहास पाहिल्यावाचून या पत्रांचे वजन ध्यानात येत नाही. 1739 साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. पुढल्याच वर्षी, म्हणजे 1740 साली, तेथे कायदा झाला की गुलामास लिहावयास शिकविणाऱ्यास शंभर पौंड दंड व्हावा. हा कायदा वाचण्याविषयी नव्हता, लिहिण्याविषयी होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गुलामास मळ्याबाहेर पाऊल टाकण्यास मालकाची चिठ्ठी लागे; ज्याला लिहिता येईल तो आपला परवाना आपणच लिहील, ही धास्ती! आणि योगायोग असा की, त्याच 1740 साली लंडनमध्ये रिचर्डसनची 'पामेला' ही एका मोलकरणीच्या पत्रांतून सांगितलेली कादंबरी प्रसिद्ध झाली व घरोघर गाजली. समुद्राच्या एका तीरावर चाकर मुलीची पत्रे वाचून सुखवस्तू लोक सद्गदित होत होते, आणि दुसऱ्या तीरावर चाकराच्या हाती लेखणी देणे हा अपराध ठरत होता.

पुढे हे कायदे अधिक कडक झाले. 1829 साली जॉर्जियाने, म्हणजे सेलीच्याच राज्याने, काळ्यांस वाचावयास अथवा लिहावयास शिकविण्यास बंदी केली. 1831 साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या साक्षर गुलामाने बंड केल्यावर इतर राज्यांतही असेच निर्बंध आले. मालकांची धास्ती निराधार नव्हती. फ्रेडरिक डग्लसने 1836 साली स्वतःसाठी व सोबत्यांसाठी मालकाच्या नावाने परवाने लिहिले होते. बेत फुटला तेव्हा त्याने स्वतःचा परवाना विस्तवात टाकला, आणि सोबत्यांना त्यांचे परवाने खाऊन टाकावयास सांगितले. दोन वर्षांनी तो निसटलाच. टपालही या धास्तीतून सुटले नाही. 1835 साली चार्ल्सटन येथे गुलामगिरीविरोधी पत्रके टपालातून आली, तेव्हा जमावाने टपालकचेरीत शिरून ती पळविली व भर चौकात जाळली. वॉशिंग्टनच्या टपालखात्याच्या प्रमुखाने त्याकडे कानाडोळा केला.

यादवी युद्धाच्या काळातील एक पत्र आम्हां कारकुनांस विशेष जवळचे वाटावे. स्पॉट्सवुड राइस हा गुलामीतून निसटून सैन्यात दाखल झालेला मिसूरीचा काळा शिपाई. 1864 च्या सप्टेंबरात सेंट लुइसजवळच्या लष्करी इस्पितळातून त्याने आपल्या गुलाम मुलींना पत्र लिहिले, की जिवाची पर्वा न करता मी तुम्हांला घेऊन जाईन. आणि दुसरे पत्र त्यांतील एकीच्या मालकिणीस धाडले. मालकपक्षाने संतापून ही पत्रे तक्रारीसोबत लष्करी अधिकाऱ्याकडे पाठविली. म्हणून ती सरकारी दप्तरात राहिली, आणि म्हणूनच आज ती आपणांस वाचता येतात. कोणते कागद कोणासाठी जपले जातील, हे दप्तर बांधणारा कधीच सांगू शकत नाही.

1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा विकल्या गेलेल्या आया, मुले, भावंडे एकमेकांना शोधू लागली. काळ्यांच्या ख्रिस्ती पत्रांतून वर्षानुवर्षे शोधाच्या जाहिराती छापून येत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी त्या चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवीत. 1870 साली तेथील काळ्यांपैकी शेकडा सुमारे 80 निरक्षर होते. 1910 साली हे प्रमाण शेकडा 30 वर आले. एवढ्या थोड्या काळात, एवढ्या विरोधास तोंड देत झालेला हा पालट सामान्य नव्हे. सेली आणि तिची धाकटी बहीण नेटी या त्याच पालटाच्या लेकी. सेलीची शाळा सुटते, तेव्हा नेटी तिला घरी शिकविते. ताटातूट होताना पत्र लिहीन असे वचन देते.

पत्र मात्र येत नाही. वर्षे लोटतात. सेलीचा नवरा तिला टपालपेटीला हात लावू देत नाही. नेटी मेली असेच ती समजते. पुढे शुग नावाची गायिका एक परदेशी तिकिटांचे पाकीट पाहते, आणि नवऱ्याच्या पेटीतून नेटीची सारी पत्रे बाहेर पडतात. मिशनऱ्यांबरोबर आफ्रिकेत गेलेली नेटी इतकी वर्षे लिहीतच होती. गोऱ्यांच्या कायद्याने जे काम पूर्वी केले, तेच आता घरातील एक काळा पुरुष करीत होता.

येथे मंडळात पुन्हा वाद झाला. एका तरुण अधिकाऱ्याचे म्हणणे पडले की, अगोदरच गांजलेल्या समाजातील पुरुषांना असे रंगविणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप नवा नाही. 1985 साली कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा अमेरिकेतही तो जोराने घेतला गेला. आम्हांस वाटते, लेखिका पुरुषाला सोडूनही देत नाही आणि टाकूनही देत नाही. तोच नवरा शेवटी ओसरीवर सेलीशेजारी बसून शिवणकाम करू लागतो आणि तिचे बोलणे ऐकावयास शिकतो. महात्मा फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच जोतीरावांनी त्याच्या पंचवीस वर्षे आधी पुण्यात मुलींची शाळा काढली होती, आणि पत्नीस घरी शिकविले होते. बाहेरची गुलामगिरी व घरातली गुलामगिरी यांची गाठ त्यांना दिसली होती.

त्या रात्री आम्हांस आमची आजी आठवली. ती सातारा जिल्ह्यातील खेड्यात, आजोबा मुंबईस गिरणीत. त्यांची पत्रे येत, ती घरातील एक वडील नातलग वाचून सांगत. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईजवळ विषय काढला, आणि जे आम्ही कधी ऐकले नव्हते ते तिने सांगितले. साठी उलटल्यावर आजी साक्षरता वर्गात जाऊ लागली. अक्षरे जुळू लागताच तिने ट्रंकेतून आजोबांची पत्रे काढली. आजोबा तेव्हा हयात नव्हते. एकेक ओळ बोटाने लावीत तिने महिनाभर ती वाचली, आणि आईला म्हणाली, "यात माझ्यासाठी एवढे लिहिले होते गं. मला मात्र 'सर्व खुशाल' एवढेच सांगत."

ही हकीकत आम्ही पुढल्या बैठकीत सांगितली. कोणी काही बोलले नाही. मावशींनी मात्र डोळ्यांना पदर लावला. आजोबांची पत्रे टपालखात्याने चोख पोचविली होती. कोणत्याही नोंदवहीत त्यांची चूक सापडली नसती. तरी ती पोचण्यास चाळीस वर्षे लागली.

कादंबरीच्या अखेरीस सेलीने नेटीला लिहिलेली पत्रे न उघडता परत येतात, आणि नेटीचे जहाज बुडाल्याची तारही येते. तरीही सेली लिहिणे थांबवीत नाही. दोघी बहिणी म्हाताऱ्या होऊन भेटतात तो प्रसंग वाचण्याची पाळी आली, तेव्हा पहिल्या दिवशी हरकत घेणाऱ्या त्या ज्येष्ठ गृहस्थांनीच पुस्तक मागून घेतले. ते हळू वाचतात. त्यांनी एकही शब्द गाळला नाही.